ठोकळ्यांतून गणित : उसना घेतलेला दहा परत कधी द्यायचा?

"काका, उसना घेतलेला दहा परत कधी द्यायचा?"

पाचवीतल्या एका मुलीने आम्हाला हा प्रश्न विचारला आणि आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. फळ्यावर बेचाळीस वजा सतरा हे साधे उदाहरण होते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या चाराकडून एक दहा उसना घ्यायचा, असे आम्ही सांगत होतो. वर्षानुवर्षे आम्ही हेच वाक्य मुलांना सांगत आलो होतो. पण ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर किराणा दुकानदाराच्या वहीत नाव चढते, त्या घरातील मुलीला उसने म्हणजे काय हे चांगले ठाऊक असते. घेतलेले परत करावे लागते. मग गणितात घेतलेले उसने कोण फेडतो? तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. आमचे शिकवणे अपुरे होते.

आम्ही दिवसभर कचेरीत हिशेबाच्या टेबलावर बसतो. बी.कॉम. झालो, आकड्यांवर पोट भरतो. संध्याकाळी वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस मुलांचा अभ्यास घेतो. येणारी मुले सफाई कामगारांची, बिगाऱ्यांची, घरकाम करणाऱ्या भगिनींची. मराठी ती वाचतात, गोष्टी सांगतात, भाषणे तर अशी करतात की ऐकत राहावे. पण गणिताची वही काढा म्हटले की अर्ध्या मुलांना तहान लागते आणि उरलेल्यांना घरचे काम आठवते. वाचक बंधू-भगिनींनो, हे दृश्य आपल्यापैकी पुष्कळांनी आपल्या घरीही पाहिले असेल.

भीती कोठून येते?

त्या मुलीची आई एकदा आम्हाला म्हणाली, "भाऊ, तिचं डोकं गणितात चालतच नाही बघा. माझंबी चालत नव्हतं. आमच्यात कुणाचंच चालत नाही." मुलगी शेजारी उभी राहून ऐकत होती. शाळेत तिला कोणी तरी 'तुला हे जमणार नाही' असे सांगितले होते, आणि आता घरानेही त्यावर शिक्का मारला होता. सातवीनंतर शाळा सोडून आईबरोबर कामाला जाईन, असे ती मैत्रिणींना सांगू लागली होती. कारण विचारले तर म्हणे, "पुढे गणित अवघड असतं."

हे एका मुलीचे किंवा एका वस्तीचे दुखणे नाही. 'असर' या नावाने ग्रामीण भारतातील मुलांची जी पाहणी होते, तिच्या २०२४ सालच्या अहवालात तिसरीतील शंभर मुलांपैकी सुमारे ३४ मुलांनाच दोन अंकी वजाबाकी आली. पाचवीतील शंभरापैकी सुमारे ३१ मुलांनाच तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आले. बाकीची मुले वर्गात बसतात, फळ्यावरचे उतरवून घेतात आणि वरच्या वर्गात जातात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले, तेही याचसाठी. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि प्राथमिक हिशेब करता यावा, हे त्याचे ध्येय आहे.

मग आपली मुले मठ्ठ आहेत काय? मुळीच नाही. हीच मुले दुकानातून पन्नासची नोट देऊन सदतीस रुपयांचे सामान आणतात आणि उरलेले तेरा रुपये मोजून घेतात. एक रुपया कमी आला तर परत जाऊन भांडतात. म्हणजे वजाबाकी त्यांना येते, कागदावरची येत नाही. हातातली वस्तू आणि कागदावरचा आकडा यांच्यामध्ये जो पूल असावा लागतो, तो कोणी बांधलेलाच नसतो. आम्हाला तो पूल सापडला प्लास्टिकच्या ठोकळ्यांत. एकावर एक बसणारे, दाबले की घट्ट होणारे, ओढले की सुटणारे हे ठोकळे आपण सर्वांनी खेळण्यांच्या दुकानात पाहिले आहेत.

एका सुताराचा ठोकळा

या ठोकळ्यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. डेन्मार्क देशात बिलुंड नावाचे लहानसे गाव. तेथे ओले कर्क ख्रिस्तियन्सेन नावाचा एक सुतार राहत होता. मंदीत घरबांधणीची कामे मिळेनात, तेव्हा १९३२ साली त्याने लाकडी खेळणी करायला घेतली. १९३४ साली 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून त्याने आपल्या मालाला 'लेगो' हे नाव दिले. १९४९ साली त्याच्या कारखान्यात प्लास्टिकचे जोडठोकळे निघाले. इंग्लंडमधील हिलरी पेज यांच्या ठोकळ्यावरून ते केलेले होते. पण ते नीट धरून राहत नसत. पुढे सुताराचा मुलगा गोटफ्रेड याने ठोकळ्याच्या आतल्या पोकळीत नळ्या बसवल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या नळ्यांमुळे खालच्या ठोकळ्याची बटणे वरच्या ठोकळ्यात घट्ट बसू लागली. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावरही बसतो, इतके त्याचे माप काटेकोर आहे.

ठोकळ्यांनी शिकवण्याचा विचार याहून जुना आहे. जर्मनीत फ्रीडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली, तीच पुढे किंडरगार्टन म्हणून जगभर गेली. त्यांच्या साधनांत एक लाकडी घन होता, तो सुटला की त्याचे आठ लहान घन होत. अर्धे, पाव, अष्टमांश हे मूल हातानेच शिके. प्रशियाच्या सरकारला या शाळा धोक्याच्या वाटल्या आणि १८५१ साली त्यांच्यावर बंदी आली. ती १८६० मध्ये उठली. बेल्जियममधील जॉर्ज क्युझनेर या शिक्षकाने एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या रंगीत कांड्या केल्या आणि १९५२ साली त्यांवर पुस्तक लिहिले. मारिया माँटेसोरी १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धाच्या काळात येथेच राहून त्यांनी शिक्षक तयार केले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधने तयार केली. तेव्हा वस्तू हातात घेऊन गणित शिकणे हे काही श्रीमंतांच्या शाळेतले नवे फॅड नाही.

महागडे लेगो घेणे आम्हाला परवडणारे नव्हते. बाजारातून त्याच धर्तीचे साधे ठोकळे आणले. दोन पाकिटे आम्ही घेतली, एक वस्तीतल्या तरुणांनी वर्गणी काढून दिले. येथे पहिली चूक झाली. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे ठोकळे एकमेकांत बसेनात. घेताना एकाच प्रकारचे घ्यावेत, हा धडा आम्ही पैसे घालवून शिकलो. दुसरी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी ठोकळे पुढे टाकून आम्ही लगेच बेरीज सुरू केली. मुलांनी बंदुका केल्या, गाड्या केल्या, इमारती केल्या. आमच्याकडे कोणी पाहीना. शेवटी आम्ही दोन दिवस नुसते खेळू दिले. तिसऱ्या दिवशी मुले आपणहून आमच्याकडे वळली.

दहाचा मनोरा

शिकवताना एक गोष्ट आधी ठरवावी लागते : 'एक' म्हणजे काय? ठोकळा एक मानायचा की त्यावरचे बटण एक मानायचे? दोन्ही चालतात, पण एका वेळी दोन्ही नाही. एकक-दशकासाठी आम्ही चार बटणांचा चौकोनी ठोकळा म्हणजे एक, असे ठरवले. दहा ठोकळे एकावर एक बसवले की दहाचा मनोरा, म्हणजे एक दशक. सुटे ठोकळे म्हणजे एकक.

आता तेच उदाहरण घेऊ. बेचाळीस म्हणजे चार मनोरे आणि दोन सुटे ठोकळे. यातून सतरा द्यायचे आहेत. आम्ही त्या मुलीला म्हटले, "आधी सात सुटे दे." ती म्हणाली, "दोनच आहेत." "मग काय करशील?" तिने थोडा विचार केला, एक मनोरा उचलला आणि कडकड मोडला. दहा सुटे झाले, आधीचे दोन मिळून बारा. त्यातले सात दिले, पाच उरले. उरलेल्या तीन मनोऱ्यांतून एक दिला, दोन उरले. पंचवीस! वहीत तिचे उत्तर नेहमी पस्तीस येई, कारण दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर ती सातातून दोन वजा करून मोकळी होई. पुष्कळ मुले हीच चूक करतात. आम्ही त्यावर लाल फुली मारत असू. ती अशी का चुकते, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

त्या दिवशी तिची आई तिला न्यायला आली होती. चपला काढून दारातच बसली. मनोरा मोडताना पाहून ती एकदम म्हणाली, "हे तर सुट्टे करणं झालं की! दहाची नोट मोडली."

वाचकहो, आम्ही इतकी वर्षे जे समजावू शकलो नव्हतो ते तिसरी शिकलेल्या माउलीने एका वाक्यात सांगितले. कोणी कोणाकडून उसने घेत नाही. आपलीच नोट आपण मोडतो. दहाची नोट मोडून दहा नाणी घेतली तर पैसे वाढत नाहीत आणि घटतही नाहीत, मग फेडायचे काय? मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या आईने दिले. काही शिक्षक 'दशक सुटा करणे' असे म्हणतात. तो शब्दच योग्य आहे. त्या दिवसापासून आमच्या वर्गात 'उसना' हा शब्द आम्ही बंद केला.

येथे पालकांना एक सूचना. आमच्या लहानपणी दुसरी रीत होती. वर दहा मिळवायचे आणि खालच्या दशकात एक वाढवायचा. म्हणजे दोनाचे बारा आणि खालच्या एकाचे दोन. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन, उत्तर पंचवीसच. दोन्ही संख्यांत दहा-दहा वाढवले तर त्यांच्यातला फरक बदलत नाही, म्हणून ही रीतही बरोबर आहे. पण शाळा एक रीत शिकवते आणि घरी वडील दुसरी दाखवतात, तेव्हा मूल मधल्या मध्ये अडकते. आधी मुलाला विचारा, "बाईंनी कसं सांगितलं?" आणि तीच रीत ठोकळ्यांवर करून पाहा.

एकोणतीस म्हणजे किती?

आपल्या मराठीत संख्यांची नावे मुलांना चांगलीच फसवतात. 'पंचवीस' म्हणताना तोंडात आधी पाच येतो, लिहिताना मात्र आधी दोन लिहावा लागतो. म्हणून मुले पंचवीस ऐकून ५२ लिहितात. 'एकोणतीस' म्हणताना तीस ऐकू येते आणि लिहायचे असतात २९. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असे करत एकोणनव्वदपर्यंत आलो की मुलांना वाटते आता एकोणशंभर. तेथे मात्र नव्व्याण्णव!

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यावाचनाची सोपी पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता हे आपल्याला आठवत असेल. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची मुलांची अडचण वारंवार समजावून सांगितली होती. त्या २०२३ साली निवर्तल्या. भाषेच्या वादात आम्ही पडत नाही. पण मुलांची अडचण खरी आहे, हे आम्ही रोज पाहतो.

ठोकळ्यांवर आम्ही असे करतो. तीन मनोरे उभे करायचे. तिसऱ्यावरचा एक ठोकळा काढायचा. तीसला एक उणा, म्हणजे एकोणतीस. आता मोजा, पूर्ण मनोरे किती? दोन. अपुऱ्या मनोऱ्यात ठोकळे किती? नऊ. म्हणून लिहायचे २९. नावाचा अर्थ आणि अंकांचा अर्थ दोन्ही एकाच वेळी समोर उभे राहतात. एक मुलगा तर ओरडला, "म्हणजे एकोण म्हणजे एक पडलेला!" व्याख्या म्हणून ही काही वाईट नाही.

पाढे आणि भिंत

पाढ्यांच्या वेळी आम्ही 'एक' बदलतो. आता बटण म्हणजे एक. चार बटणांच्या तीन पट्ट्या एकाखाली एक लावल्या की चार त्रिक बारा. तोच आयत आडवा फिरवला की तीन बटणांच्या चार रांगा दिसतात, म्हणजे तीन चोक बारा. एकही बटण वाढले नाही. हे मुलाला दिसले की त्याच्या डोक्यावरचे अर्धे ओझे उतरते, कारण चाराचा पाढा आला तर त्यातला काही भाग तीनच्या, पाचाच्या पाढ्यात आधीच आलेला असतो.

साती आठे छप्पन्न पुष्कळांना आठवत नाही. आठ बटणांच्या सात रांगा लावा. मग पाच रांगा एकीकडे, दोन रांगा दुसरीकडे करा. पाच आठे चाळीस, दोन आठे सोळा, मिळून छप्पन्न. पाढा विसरला तरी मूल आता अडून राहत नाही, मोडून जोडते. पाठांतर नको असे आम्ही म्हणत नाही. पाठांतर हवेच, पण आधी दिसले पाहिजे आणि मग पाठ झाले पाहिजे.

या कामी आम्हाला एका बिगारी बांधवाची मोठी मदत झाली. मुले ठोकळ्यांची भिंत बांधत होती आणि ती सारखी मधोमध फुटत होती. तो म्हणाला, "बाळांनो, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. वरची वीट खालच्या दोन विटांवर बसली पाहिजे." भिंत घट्ट झाली. मग त्याने विचारले, एका थरात बारा विटा, असे दहा थर, तर विटा किती लागतील? मुलांनी गुणले, एकशे वीस. दाराची जागा सोडली तर किती कमी? वजाबाकीही झाली. पुढे त्याने 'ब्रास' समजावला. वाळू आणि खडी ज्या मापाने येते तो ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एक ठोकळा म्हणजे एक घनफूट असे समजून मुलांनी पाच रांगांत पाच-पाच ठोकळ्यांचे चार थर रचले आणि शंभर मोजले. आपल्या वडिलांना गणित येते, हे त्याच्या मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची घरे बांधली, तो त्या संध्याकाळी वर्गाचा गुरुजी झाला होता.

अर्धा, पाव आणि अष्टमांश

अपूर्णांकाला मुले सर्वांत जास्त घाबरतात. एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश, असे विचारले तर दहातली सात मुले म्हणतील, अष्टमांश, कारण आठ चारापेक्षा मोठे.

आठ बटणांचा ठोकळा घ्या आणि तो 'पूर्ण' माना. त्यावर चार बटणांचे दोन ठोकळे बरोबर बसतात, म्हणून प्रत्येक अर्धा. दोन बटणांचे चार बसतात, म्हणून प्रत्येक पाव. एका बटणाचे आठ बसतात, म्हणून प्रत्येक अष्टमांश. आता पाव आणि अष्टमांश शेजारी ठेवा. वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, हे एका भाकरीचे तुकडे करून खाणाऱ्या घरातल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

अर्धा अधिक पाव किती? वहीत मुले वरचे अंक वर आणि खालचे खाली मिळवून दोन षष्ठांश लिहितात. ठोकळ्यावर चार बटणे आणि दोन बटणे मिळून आठांपैकी सहा बटणे झाकली जातात. दोन-दोनच्या वाट्यांनी पाहिले तर चारांपैकी तीन वाटे, म्हणजे पाऊण. अर्धा आणि पाव मिळून पाऊण होतो हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. छेद समान का करायचा, हे मात्र आम्हाला स्वतःला पदवीनंतर वीस वर्षांनी त्या हॉलच्या लादीवर बसून कळले. हे सांगताना आम्हाला लाज वाटत नाही. आम्हाला नियम पाठ होता, एवढेच.

सम-विषमही असेच. दोन-दोन बटणांच्या जोड्या लावत गेले आणि शेवटी एक बटण एकटे बाहेर राहिले तर ती संख्या विषम. दोन विषम संख्या समोरासमोर आणल्या की दोन्हींची एकटी बटणे जोडी होऊन बसतात. म्हणून विषम अधिक विषम नेहमी सम. शेकडो उदाहरणे सोडवून जी खात्री होत नाही ती एका जोडणीत होते.

मोठ्या मुलांना आम्ही एक गंमत सांगतो. आठ बटणांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे किती प्रकारे जोडता येतील? चोवीस. तीन घेतले तर १०६०. आणि सहा घेतले तर? कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकावर मोजून काढले, ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५! सहा ठोकळे मुठीत धरून आमची मुले बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसली होती.

ठोकळा बाजूला केव्हा ठेवायचा?

येथे एक धोका सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. परीक्षेत ठोकळे मिळत नाहीत. ठोकळ्यांवर उत्तर काढणारे मूल कागदावर तसेच अडकलेले राहिले, तर आपण फक्त खेळ केला असे होईल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी १९६० च्या दशकात मांडले की समज तीन रूपांनी येते : कृतीतून, चित्रातून आणि चिन्हातून. सिंगापूरने १९८० च्या दशकात आपले शालेय गणित याच पायऱ्यांवर उभे केले. आमच्या वर्गातही आता हाच क्रम असतो. पहिल्या दिवशी ठोकळ्यांवर. दुसऱ्या दिवशी ठोकळ्यांऐवजी वहीत उभ्या रेघा आणि ठिपके काढून, रेघ म्हणजे मनोरा आणि ठिपका म्हणजे सुटा. तिसऱ्या दिवशी नुसते अंक लिहून. अडले तर एक पायरी मागे यायचे, त्यात कमीपणा नाही.

दुसरे म्हणजे, उत्तर बरोबर आले तरी "कसं काढलंस?" असे विचारावे. नुसते चुकल्यावर विचारले तर मुलाला वाटते की विचारणे म्हणजेच चूक. आणि मुलाने मनोरा मोडायला वेळ लावला तर आपण हात घालून मोडू नये. आमचा हात कितीदा पुढे गेला असेल! मोडणारा हात मुलाचाच असला पाहिजे.

घरी काय करावे?

प्रत्येकाने ठोकळे विकत घ्यावेत असा आमचा आग्रह नाही. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधल्या तर दशक तयार होतो. चिंचोके, बाटल्यांची झाकणे, काडेपेट्या, एक आणि दहा रुपयांची नाणी, काहीही चालेल. ठोकळ्यांचा फायदा एवढाच की ते सारख्या मापाचे असतात, जोडले की घरंगळत नाहीत आणि अपूर्णांकही दाखवतात. चार-पाच घरांनी मिळून एक संच घेतला तर फार खर्च येत नाही. घरात तीन वर्षांखालील बाळ असेल तर मात्र लहान ठोकळे, चिंचोके आणि नाणी जपून ठेवा. ती तोंडात घालून घशात अडकण्याचा धोका असतो.

रोज पंधरा मिनिटे पुरतात. स्वयंपाक होत असताना मूल शेजारी बसून मनोरे करू शकते. आपण शिकलेले नाही म्हणून मागे सरू नका. मुलाला म्हणा, "मला येत नाही, तू मला दाखव." जे मूल दुसऱ्याला समजावते त्याचे पक्के होते. आणि एक हात जोडून विनंती : मुलांच्या देखत "आमच्यात कुणालाच गणित येत नाही" असे कधी म्हणू नका. ते खरे नाही. बाजारात भाजीचा हिशेब तोंडी करणारी आई, थरांवरून विटा सांगणारा बाप, भिशीचा आणि बचत गटाचा पै-पैसा सांभाळणाऱ्या भगिनी, ही सारी गणित जाणणारी माणसे आहेत. त्यांच्या गणिताला कोणी गणित म्हटले नाही, इतकेच.

ती मुलगी आता सहावीत आहे. वर्गात तिचा पहिला नंबर आला असे आम्ही सांगणार नाही, तो आलेला नाही. पण गणिताची वही काढली की तिला आता तहान लागत नाही. सातवीनंतर शाळा सोडण्याचे ती बोलत नाही. तिची आई कामावरून येताना अजूनही हॉलच्या दारात दहा मिनिटे टेकते. मागच्या आठवड्यात तिने स्वतःच एक मनोरा हातात घेतला आणि मुलीला म्हणाली, "थांब, आज मी मोडते. बघ माझं बरोबर येतंय का."

मुलगी बाजूला सरकली आणि आईला बसायला जागा करून दिली.